दोन मुठींची करवत

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले तेव्हा त्या घरात आम्ही तिघंच होतो. मी, हे आणि मामंजी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. हे पहाटे उठून मुंबईला कचेरीत जायचे ते दिवेलागणीला परतायचे. मधला सगळा दिवस घरात दोन माणसं असायची आणि ती एकमेकांशी जवळजवळ बोलायची नाहीत.

भांडण नव्हतं. मामंजींचा स्वभावच अबोल, आणि सुनेनं सासऱ्यांशी आपणहून बोलायची तेव्हा रीतही नव्हती. ठाण्याच्या कोर्टात आयुष्यभर कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. काही हवं असलं तर समोरच्या भिंतीकडे बघून म्हणायचे, "चहा झाला असेल तर बरं." मी चहा ठेवायची. तहान लागली की, "तांब्या रिकामा दिसतो." मी तांब्या भरायची. सरळ काही मागितलं असं कधी झालं नाही. मला वाटायचं, मी त्यांना फारशी पसंत नसावी.

स्टेशनच्या पश्चिमेला जमीन खाडीकडे उतरत जाते, तिथे त्यांनी एका जुन्या वाडीचा तुकडा घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. वाडीतले आंबे, एक फणस आणि बांधावरचा भला मोठा शिरीष तसेच राखले होते. बांधापलीकडे आगऱ्यांचं एक घर होतं. ती माणसं मामंजींना भाऊ म्हणत. त्या घरातली कर्ती बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, नवरा आणि दीर मिठागरावर कामाला, आणि घरात एक म्हातारी सासू, जी दिवसभर दारात बसून मशेरी लावायची.

आमचा एक आंबा वठला होता. त्याचा कल नेमका स्वयंपाकघराच्या कौलांकडे. पावसाळ्याआधी तो उतरवायला हवा, हे मामंजी रोज त्याच्याकडे बघून स्वतःशी म्हणत. माणसं बोलावून तोडून घ्यावा असं ह्यांनी सुचवलं, तर मामंजी म्हणाले, "आपली झाडं आपण." मग शेजाऱ्यांची दोन मुठींची करवत मागून आणली आणि एका रविवारी बाप-लेक कामाला लागले.

दोन मुठींची करवत म्हणजे मधे लांब दातेरी पातं आणि दोन्ही टोकांना उभ्या लाकडी मुठी. दोन माणसांनी दोन बाजूंनी धरायची. आपली पाळी आली की ओढायची, दुसऱ्याची आली की हात सैल सोडून जाऊ द्यायची. ऐकायला सोपं आहे. ह्यांना ते जमेना. दुसऱ्या बाजूने ओढ आली की हे मदत म्हणून ढकलायचे, आणि ढकललं की पातं मधेच वाकून अडकायचं. मामंजी काही बोलायचे नाहीत. नुसते थांबायचे, करवत मोकळी करायचे, पुन्हा सुरू. ते थांबणंच ह्यांना टोचत असावं. तासाभरात तळहाताला फोड आले, हे मूठ सोडून उठले आणि म्हणाले, "मला उद्या कचेरीत लिहायचंय." त्यानंतर करवत आंब्याच्या बुंध्यात तशीच अडकून राहिली, दुपारच्या उन्हात.

मंगळवारी मी भांडी घासून ओट्यावर पालथी घालत होते. मामंजी आंब्याजवळ उभे होते. बराच वेळ उभे होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसरं टोक कुणी धरलं तर होईल."

कुणी म्हणजे कोण, घरात मी एकटीच. मी पदर खोचला आणि जाऊन मूठ धरली.

"ओढायचं," ते म्हणाले. "ढकलायचं नाही. माझी वेळ आली की सोडून द्यायचं."

पहिले काही हात वेडेवाकडे गेले. मग कसं कोण जाणे, जमलं. जात्यावर समोरासमोर बसून दोघींनी दळायची मला माहेरी सवय होती, तिचा उपयोग झाला असेल. करवतीचा आवाज एकसारखा यायला लागला. मी मान खाली घालून ओढत होते. अचानक मामंजी बोलायला लागले. मला दचकायला झालं. हा आंबा लावला कुणी असेल, ह्याला मोहर शेवटचा कधी आला असेल, लहानपणी कल्याणला त्यांच्या मामाच्या वाड्यामागे असाच एक आंबा होता आणि त्यावरून ते कसे पडले होते, असं सलग, मोकळं, करवतीच्या तालावर. एवढी वाक्यं मी त्यांच्या तोंडून लग्न झाल्यापासून ऐकली नव्हती. करवत थांबली तसे तेही थांबले. घाम पुसला आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "चहा झाला तर बरं."

आंबा चार-पाच दुपारींत उतरला. कलाच्या विरुद्ध बाजूला दोर बांधून ओढायला शेजारचे दोघं भाऊ आले होते, आणि आंबा कौलांना न शिवता बाजूला आडवा झाला तेव्हा बांधावरून म्हातारी ओरडली, "झ्याक पडला!" त्याचे ओंडके आम्ही दोघांनीच पाडले आणि परसात रचून ठेवले. संध्याकाळी ह्यांनी ते एकेक करून मोजले. मग म्हणाले, "दुखतात का हात?" मी म्हटलं, "दुखतात." तेवढंच.

शेजाऱ्यांची करवत परत द्यायची वेळ आली. तिचे दात बोथटले होते आणि पातं मधे किंचित वाकलेलं होतं. मामंजींच्या मनात आपली स्वतःची करवत घ्यायचं होतं. वाडी सांभाळायची तर ती लागणारच. एके सकाळी ते म्हणाले, "कल्याणला जायचं आहे. दोघांनी." मी लुगडं बदललं आणि निघाले.

कल्याणच्या बाजारात लोखंडी सामानाचं एक लांबोडकं, अंधारं दुकान होतं. दुकानदारानं आधी एक चकचकीत, लांबच लांब करवत पुढे केली. खाडीवरच्या वखारीतली माणसं हीच नेतात म्हणाला. मामंजींनी ती हातात घेतली. नखानं टिचकी मारून कान लावला. पातं वाकवून सोडलं आणि ते पुन्हा सरळ होतं का बघितलं. मग एका डोळ्यानं दातांच्या रांगेवरून नजर लांबवली, बंदुकीचा नेम धरल्यासारखी. पाठ आणि दात यांची जाडी चिमटीत धरून पाहिली. पाठ पातळ हवी, नाहीतर लाकडात जाऊन पातं आवळतं, हे त्यांना शेजाऱ्यांच्या करवतीनं शिकवलं होतं. सगळं पसंत पडलं असावं. मग त्यांनी दुसरी मूठ माझ्यासमोर धरली.

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. सगळी बघायला लागली. मी मूठ धरली आणि आम्ही हवेतच चार हात ओढले.

"जड आहे," मी म्हटलं. बाजारात, परक्या माणसांसमोर, सासऱ्यांना मी पहिल्यांदाच काही मत दिलं होतं. "थोड्या वेळात माझा हात भरून येईल."

दुकानदार हसला. "बाईमाणसाला काय विचारता भाऊ? कामाची वस्तू आहे ही."

मामंजी त्याच्याकडे वळून म्हणाले, "दुसरं टोक तिच्या हातात असणार आहे. तुमच्या नाही."

मग आम्ही दुकानातल्या जवळजवळ सगळ्या करवती ओढून पाहिल्या. शेवटी एक आखूड, काळपट, धुळीनं माखलेली निघाली. टिचकी मारली की तिचा आवाज बराच वेळ टिकायचा. तिची एक मूठ काढता येत होती, म्हणजे बारीक फांदी असली तर एका माणसालाही चालवता आली असती. ती घेतली, एक तीनधारी कानस घेतली आणि पोत्यात गुंडाळून घरी आणली. येताना मामंजींनी मला रसवंतीत उसाचा रस पाजला. आम्ही दोघंही काही बोललो नाही, पण तो गप्पपणा नेहमीचा नव्हता.

करवत घेणं सोपं, राखणं कठीण. खाडीच्या वाऱ्यानं लोखंड आमच्याकडे बघता बघता गंजतं. काम झालं की आंब्याचा चीक रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचा, मग खोबरेल तेलाचा हात फिरवायचा आणि करवत खुंटीला लावून ठेवायची. भिंतीला टेकवून ठेवली तर पातं बाक धरतं. दातांना धार करायची ती एकाआड एक, आधी एका बाजूचे सगळे, मग पालटून दुसऱ्या बाजूचे. शिवाय दात आळीपाळीनं डावीकडे-उजवीकडे किंचित वाकवलेले असावे लागतात, तर लाकडात पात्याला वाट मिळते. हे वाकवणं मामंजी एका जुन्या पकडीनं करायचे, आणि पहिल्यांदा केलं तेव्हा एक दात मोडलाच. दिवसभर ते त्या दाताकडे बघून हळहळत होते. धार नीट झाली की नाही, हे भुशावरून कळायचं. पिठासारखा पडला तर बोथट. शेवयांसारखे लांब तंतू पडले तर उत्तम. ह्यांनी एकदा आम्हाला कानस घेऊन बसलेलं पाहिलं आणि विचारलं, "झाले का करवतीचे दात घासून?" मामंजी हसले. बापाला मुलाच्या बोलण्यावर हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

वाडीत काम कधी संपत नाही. वाळकी फांदी, फणसाचा मोडलेला हात, चुलीसाठी लाकूड. आठवड्यातल्या दोन-तीन दुपारी आम्ही करवत घेऊन बसायचो आणि ते बोलायचे. एकदा मी धीर करून विचारलं, "मामंजी, एरवी तुम्ही इतकं का बोलत नाही?"

करवत चालू होती. त्यांनी ती थांबवली नाही. मला वाटतं मुद्दामच थांबवली नाही.

"लहानपणापासून माझी जीभ अडते," ते म्हणाले. "काही अक्षरांवर जास्त. शाळेत मुलं चिडवायची. मग मी ती अक्षरं टाळायला लागलो. वाक्यं लहान केली. कोर्टात लिहायचं काम मागून घेतलं, कुणाचं नाव मोठ्यानं हाकारायचं काम नको म्हणून. करवत ओढताना अडत नाही. का ते ठाऊक नाही."

मला तांब्या आठवला. त्यांनी आजवर माझ्याकडे पाणी मागितलं नव्हतं, कारण त्यांना 'पाणी' म्हणताच येत नव्हतं.

"सासूबाईंना माहीत होतं?"

"तिला होतं. अडलेला शब्द ती म्हणून टाकायची. मला राग यायचा त्याचा." चार-पाच हात ते नुसते ओढत राहिले. "आता कुणी म्हणत नाही तर अडचण होते."

"आणि ह्यांना?"

"मुलाला कळू दिलं नाही. त्याच्यासमोर कमी बोललो."

मी करवत ओढत राहिले. त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर गप्प राहून वाट बघायला शिकले. शब्द अडला तर अडू दे. तो आपण म्हणायचा नाही, आणि नजरही दुसरीकडे वळवायची नाही.

त्या सुमारास मी हळदीकुंकवाला माहेरी ठाण्याला गेले. आईनं वाण द्यायला माझा हात हातात घेतला आणि तिचा चेहरा उतरला. तळहाताला घट्टे पडले होते. तिनं आतल्या खोलीत नेऊन विचारलं, "काय काम करवून घेतात गं तुझ्याकडून?" मी खरं ते सांगितलं. करवत ओढते म्हटल्यावर तिला रडूच आलं. मी हसून सांगितलं की मला आवडतं, तर तिला वाटलं मी सासरची बाजू झाकतेय.

पुढच्या आठवड्यात वडील डोंबिवलीला आले. शाळामास्तर होते, रजा काढून आले होते. धोतर कडक इस्त्रीचं, चेहरा त्याहून कडक. मामंजींनी त्यांना ओट्यावर बसवलं. मी दाराआड. वडिलांनी सरळ विषय काढला. "मुलीचे हात पाहिले मी. आमच्याकडे मुलींना अशी कामं देत नाहीत."

मामंजी काहीतरी बोलायला गेले आणि अडले. ओठ नुसते थरथरले. वडिलांना वाटलं, मामंजींकडे उत्तर नाही. मामंजी उठले, खुंटीवरून करवत काढली आणि वडिलांना हातानंच चला अशी खूण केली. मीही मागोमाग गेले. परसात फणसाचा एक ओंडका लाकडी घोड्यावर आडवा घातलेला होता. मामंजींनी दुसरी मूठ वडिलांसमोर धरली.

वडील बुचकळ्यात पडले. पण मास्तर माणूस, समोर ठेवलेली परीक्षा टाळणं त्यांना जमलं नाही. त्यांनी कोट काढून माझ्याकडे दिला आणि मूठ धरली. आधी ढकललं, सगळेच आधी ढकलतात. मग हळूहळू लागली चाल. आणि करवत चालू झाल्यावर मामंजींचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"तुमच्या मुलीला मी सक्ती केली नाही. तिचा हात चांगला आहे. आणि ती समोर असली की मला बोलता येतं. घरात दुसरं कुणी नाही बोलायला. तुम्ही म्हणाल तर आजपासून बंद."

वडील बराच वेळ नुसते ओढत राहिले. ओंडका तुटून पडला तेव्हा दोघंही घामाघूम झाले होते. वडील माझ्याजवळ आले, स्वतःचे तळहात बघितले, लाल झाले होते. हळूच म्हणाले, "तुला हे आवडतं?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

जेवून, दुपारची झोप काढून, संध्याकाळी ते ठाण्याला गेले. आईला त्यांनी एवढंच सांगितलं म्हणे, "मी स्वतः ओढून आलो. आता तो विषय नको."

वळवाचं वादळ झालं ते त्याच्या पुढच्या वर्षी, वैशाखात. सकाळपासून आभाळ काळवंडून आलं होतं. मिठाच्या राशी भिजू नयेत म्हणून शेजारची सगळी माणसं, बायकांसकट, दिवा गावाच्या बाजूच्या मिठागराकडे धावली. घरात म्हातारी एकटी. दुपारी वारा सुटला तो असा, की आमच्या कौलांचा खडखडाट थांबेना. पाऊस थोडा, वारा फार. आणि मग एक आवाज झाला, जमीन फाटल्यासारखा. बांधावरचा शिरीष मुळांसकट उपटून शेजाऱ्यांच्या घरावर आडवा झाला होता.

आम्ही दोघं धावलो. छपराची एक बाजू खाली बसली होती. शिरीषाची एक जाड फांदी, माझ्या कवेत मावणार नाही एवढी, एका टोकाला भिंतीच्या माथ्यावर आणि दुसऱ्या टोकाला अंगणात टेकून नेमकी दारावर आडवी पडली होती. दार बाहेर उघडणारं. ते बोटभरही हलत नव्हतं.

"आजी!" मी ओरडले. "आजी, आहात का?"

आतून आवाज आला. "कोन हाय गो?"

"मी. पलीकडची. भाऊंची सून."

"मना काय झाला नाय. पन वासं पडलेत सगल्या बाजूनी. उठता येत नाय."

मागची भिंत फोडावी असं मला वाटलं. मी कुदळ आणायला वळले, तर मामंजींनी हात धरून थांबवलं. पहिल्यांदाच त्यांनी माझा हात धरला असेल. छपराचा उरलासुरला सगळा भार त्याच मातीच्या भिंतीवर होता. ती फोडली असती तर सगळंच आत बसलं असतं. दारावरची फांदी कापणं हाच मार्ग होता, पण कापल्यावर भिंतीवरचा तुकडा आत कलंडता कामा नये. आम्ही वठलेल्या आंब्याचे ओंडके एकेक करून ढकलत, लोळवत आणले आणि फांदीखाली दोन्हीकडे रचून टेकू दिले. मग करवत, आणि चीर उघडी ठेवायला एक लाकडी पाचर.

दोन्ही टोकांना टेकलेलं लाकूड वरून कापायला लागलं की मधे दबतं, आणि चीर मिटून पातं आवळून धरतं. हे दोघांनाही माहीत होतं, पण एवढ्या जाड लाकडावर आम्ही कधी केलं नव्हतं. शिरीषाचा भुसा भयंकर. नाकात जाऊन शिंकांवर शिंका. मी शिंकत होते, मामंजी शिंकत होते, आणि आत म्हातारीही शिंकायला लागली.

"काय कापता गो, मिरच्या?"

"शिरीष आहे, आजी."

"सावकास कापा. माझ्या डोसक्यावर पाडू नका."

पातं अर्ध्यात गेलं आणि जड व्हायला लागलं. मामंजी थांबले. "प... प..." असं करत माझ्यामागे बोट दाखवायला लागले. चेहरा लाल झाला. शब्द येईना. मी वळले. पाचर माझ्या पायाशी होती. ती उचलून चिरेत ठेवली आणि दगडानं ठोकली. चीर उघडली, पातं सुटलं. आम्ही पुन्हा ओढायला लागलो. पण आता त्यांचा श्वास लागत होता. करवतीच्या ओढीतूनच मला कळलं, त्यांची ओढ मधेच तुटायला लागली होती. मी मूठ सोडून दिली.

"मामंजी, बसा."

"चालेल मला."

"नाही. बसा तुम्ही."

ते खाली बसले. छातीवर हात ठेवून बसले. मी एक मूठ काढून एकटीच ओढायला लागले. फांदी एवढी जाड, की पातं कसंबसं तिच्याआरपार पोचत होतं. दर ओढीला केसभर सरकत होतं. तेवढ्यात बांधावरून शेजारीण धावत येताना दिसली, चिखलानं माखलेली, केस सुटलेले. तिला वाटेतच कुणीतरी सांगितलं होतं. आधी ती दारावर जाऊन आदळली. सासूला हाका मारल्या.

आतून म्हातारी म्हणाली, "बोंबलू नको. कापायला लाग."

मी दुसरी मूठ पुन्हा बसवली. शेजारणीनं ती धरली आणि जिवाच्या आकांतानं रेटली. पातं वाकलं. "ओढ फक्त," मी म्हटलं, "माझ्या वेळी सोड." तिनं माझ्याकडे पाहिलं, दीर्घ श्वास घेतला, आणि लागली. तिच्या हातात आमच्या दोघांपेक्षा ताकद होती. मामंजी जमिनीवर बसूनच पाचर ठोकत होते. शेवटचा भाग तडकला तेव्हा अंगणातला तुकडा धप्पकन खाली बसला आणि भिंतीवरचा, देवाच्या कृपेनं, टेकूवर तोलून राहिला. तिघांनी मिळून सुटा तुकडा बाजूला लोळवला. दार उघडलं.

म्हातारी कोपऱ्यात, दोन वाशांच्या कैचीत, धुळीनं पांढरी होऊन बसलेली. तिला आम्ही दोघींनी उचलून बाहेर आणलं. सून तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. म्हातारीनं तिला थोपटलं आणि मला म्हणाली, "मशेरीची डबी आत ऱ्हायली गो."

मिठागरावरची माणसं परत आली तोवर मी मामंजींना घरी आणून निजवलं होतं. दोन दिवसांनी कल्याणहून डॉक्टर आले. हृदय अशक्त झालंय, श्रमाचं काम नाही, म्हणाले. मामंजींनी मान डोलावली. शेजाऱ्यांचं घर शाकारेपर्यंत म्हातारी आमच्याच ओट्यावर निजली. पडल्या शिरीषावरून मग दोन्ही घरांत गोड वाद झाला. ते म्हणत झाड तुमचं, लाकूड तुमचं. मामंजी म्हणत घर तुमचं मोडलं, लाकूड तुमचं. शेवटी त्यांनी फळ्या काढून नवं दार केलं आणि उरलेलं आम्हाला सरपणाला दिलं.

मामंजींना करवत ओढायची बंदी झाल्यावर मला वाटलं, आता ते पुन्हा गप्प होतील. ते गप्प झाले नाहीत. मी कानस घेऊन ओट्यावर धार करायला बसायची आणि ते आरामखुर्चीत शेजारी. कानशीचा आवाजही एकसारखा असतो. कधी कधी तर दात आधीच धारेचे असत, तरी मी हलक्या हातानं कानस फिरवत राहायची. त्यांच्या ते लक्षात आलं असेलच. अडले तर अडायचे. मी थांबायची. एका दुपारी म्हणाले, "मला प... पाणी दे." आणि मी उठून पाणी दिलं.

दीड-दोन वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, ते झोपेतच गेले. दिवसकार्याला कल्याणचे, ठाण्याचे नातेवाईक जमले होते. मी आत वाढपाची तयारी करत होते आणि बाहेरचं बोलणं कानावर पडत होतं. फार करारी माणूस. शब्द मोजून बोलायचे. कुणाला जवळ येऊ दिलं नाही. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, ही माणसं कोणाबद्दल बोलतायत?

सगळे पांगल्यावर एका संध्याकाळी हे माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसले. बरेच दिवस मनात असावं तसं विचारलं, "बाबा तुझ्याशी काय बोलायचे एवढं?"

मी आधी कचरले. मामंजींनी लपवलेलं आपण सांगावं का? मग वाटलं, आता लपवून कुणाचं काय राखायचं आहे? मी जीभ अडायची ते सांगितलं. ह्यांनी मान खाली घातली.

"मला वाटायचं, मी त्यांना आवडत नाही," हे म्हणाले. "शाळेत पहिला आलो तेव्हा घरी पळत आलो होतो. ते नुसते बघत राहिले माझ्याकडे. एक शब्द नाही."

"अडला असेल," मी म्हटलं.

ह्यांनी डोळे पुसले. समोर वाडीत अंधार उतरायला लागला होता. मला आत जाऊन दिवा लावायचा होता, पण ह्यांनी माझा पदर धरला.

"आणखी सांग," म्हणाले.

मी मग कल्याणच्या मामाच्या वाड्यामागच्या आंब्यावरून मामंजी पडले होते, तिथपासून सुरुवात केली. रोज संध्याकाळी थोडं थोडं सांगायची. सांगून संपायला बरेच दिवस लागले.